आईने उतरवलेली तसबीर

प्रिय वितेकदादा,

मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंबद्दल आपल्या पोलिश पोपना ठाऊक होतं का, यावर आज टीव्हीवर वाद चालला होता. सारण भरून पिरोगी करताना पिठाने माखलेल्या हातांनी आईने स्वयंपाकघरातली त्यांची तसबीर उतरवली.

"ग्राझिना, असेल का गं यांना ठाऊक?"

"कोण जाणे, आई."

"यांच्यामुळे आपण कम्युनिस्ट सरकारपुढे ताठ मानेनं उभे राहिलो." मग हळूच म्हणाली, "लहानपणी वितेकनं आपल्या चर्चच्या फादरबद्दल सांगितलं, तेव्हा मी त्याच्याच थोबाडीत मारली."

मला हे कधीच कळलं नव्हतं. तू काय सांगितलं होतंस, दादा?

तसबीर तिने आपल्या खोलीत नेली. "यांना विचारीन सावकाश. आधी पोराला विचारते."

आता हे पत्र पाठवत नाही. ती तुझा नंबर फिरवते आहे. उचल.

तुझी,
ग्राझिना