दिलेली खाट

प्रिय आई,

हे पत्र इटलीच्या बसवरच्या नेलू ड्रायव्हरच्या हाती पाठवतो आहे, कारण फोनवर तू रडतेस आणि मग मी घाबरून भलतंच काहीतरी बोलतो. पाकिटात आणखी एक कागद आहे. तो आधी उघडू नकोस.

तू बोलोन्यात ज्यांची देखभाल करतेस, त्या आजीबाईंचा पाय कसा आहे? इकडे रोमानियात, आपल्या ब्रॅइलात, थंडी लवकर आली. खिडक्यांच्या फटी मी चिंध्यांनी बुजवल्या. तुझी खोली दर शनिवारी उघडून धूळ पुसतो आणि पुन्हा कुलूप लावतो.

बाबा गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी तुला येता आलं नाही. काय काय दान द्यायचं ते तू फोनवर सांगितलंस : खाट, गादी, रजई, ताट, चमचा. परलोकात त्यांना जमिनीवर झोपावं लागू नये, म्हणून. खाट पेत्राके मामाला दे म्हणालीस आणि मी हो म्हटलं. आई, मी ती मामाला दिली नाही. त्याच्याकडे चार खाटा आहेत. मी ती झाम्फिराला दिली.

गिरणीच्या गल्लीतलं पिवळं घर आठवतं? जुन्या मालकाच्या नातवाने ते कोर्टातून परत मिळवलं आणि पाच कुटुंबं बाहेर काढली. चार नातेवाइकांकडे गेली. झाम्फिरा, तिचा नवरा फ्लोरेया आणि तीन मुलं समोरच्याच फुटपाथवर फळ्या आणि प्लास्टिक बांधून राहिली. चर्चमधला आमचा गट मंगळवारी आणि शनिवारी त्यांना सूप नेतो. वियोरिकाबाई, त्या निवृत्त शिक्षिका, गट चालवतात. मी पातेली उचलायला गेलो होतो, आता याद्याही लिहितो.

खाट नेली तेव्हा रीतीप्रमाणे तिच्या दांड्याला मेणबत्ती लावली होती. थोरली राडा आठ वर्षांची आहे. दान घेताना म्हणायचं ‘देव त्यांना क्षमा करो’ तिने नीट म्हटलं आणि मग विचारलं, “हे काका कुठल्या बाजूला झोपायचे?” मी म्हटलं, भिंतीकडे. तेव्हापासून तिघं भावंडं एकमेकांना चिकटून झोपतात आणि प्लास्टिकच्या भिंतीकडे हातभर जागा मोकळी ठेवतात.

गेल्या गुरुवारी बालकल्याणचे दोघे आले. म्हणाले, येत्या सोमवारी सकाळी नऊपर्यंत घरमालकाच्या सहीचा, पत्त्याचा दाखला दाखवा, नाहीतर मुलं संस्थांत जातील, तीही तीन वेगवेगळ्या. फ्लोरेया म्हणाला, “साहेब, छप्पर आहे की! फक्त वाकून आत यावं लागतं.” कोणी हसलं नाही. झाम्फिराने धाकट्याच्या बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधल्या, मग पुन्हा सोडल्या. रविवारी प्रार्थनेनंतर वियोरिकाबाईंनी खोलीसाठी विचारलं. लोकांनी अकरा घोंगड्या दिल्या. खोली कोणी दिली नाही. मीही मान खाली घालून बसलो होतो आणि तुझ्या खोलीची किल्ली माझ्या खिशात होती.

त्यांना घरी आणायचं माझ्या मनात आहे, हे तिसऱ्या मजल्यावरच्या अग्लाया मावशीला कसं कळलं कोण जाणे. जिन्यातच अडवून म्हणाली, “अरे शहाण्या, मेलेल्याच्या नावाने दिलेली खाट परत उंबरठा ओलांडून आणतोस? मागोमाग तो येईल! आईला विचारलंस का?” मला खरंच भीती वाटली, आई. मी फादरना विचारलं. ते म्हणाले, “खाट आता मुलांची आहे. मुलं येतील तेव्हा ती त्यांच्याबरोबर येईल. परत कुठे येते आहे?” तरी त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता तो कागद उघड. तुझी खोली झाम्फिराच्या कुटुंबाला वर्षभर राहायला देण्याचं संमतिपत्र आहे. घर तुझ्या नावावर आहे, म्हणून सही तुझीच लागते, खाली दोन ठिकाणी. बाकी सगळं मी भरलं आहे, तुझं नाव पासपोर्टच्या प्रतीवरून तीनदा ताडून. खरं सांगतो, तुझी सही मी वर्तमानपत्रावर गिरवून पाहिली होती. हुबेहूब जमली, तेव्हा मीच दचकलो आणि ते वर्तमानपत्र चुलीत घातलं. नेलू शनिवारी दुपारी तिकडून निघतो आणि रविवारी इथे पोचतो. सही करायची नसेल तर तसाच परत पाठव. मी रागावणार नाही, पण सोमवारी नऊ वाजता मला त्या फुटपाथवर उभं राहावं लागेल. खाट तुझ्या खोलीत खिडकीशेजारी बसते, दोनदा मोजून पाहिलं. भिंतीकडची बाजू कोणाची, ते राडाला ठाऊक आहे.

तुझाच,
सांदू