हातावरचे घट्टे

सरलामावशी,

कडोदऱ्याला मला बघायला आलात, तेव्हा तुम्ही माझे तळहात दाबून पाहिलेत. "घट्टे आहेत, पोरगी कामाची दिसते," म्हणालात आणि मुलासाठी होकार दिलात. धुण्याभांड्यांनी पडलेत, असं आईने सांगितलं.

मावशी, मी ड्रम वाजवते. उजवा, डावा, उजवा, उजवा. मग डावा, उजवा, डावा, डावा, असे सगळ्या ड्रमांवरून रोज दोन तास हात फिरवते. भांडी माझा भाऊ घासतो. डावा हात अजून कच्चा आहे, त्यामुळे घट्टे लग्नानंतरही वाढणारच.

आई हे पत्र पाठवू देणार नाही. म्हणून साखरपुड्याला स्टिक घेऊनच बसेन. होकार मागे घ्यायचा तर तेव्हा घ्या, सगळ्यांसमोर.

तुम्हाला पसंत पडलेली,
धनश्री