मिठाचा अंदाज

७ नोव्हें.
डॉ. नसरीन घरी येऊन गेली. माझी जुनी विद्यार्थिनी. गल्लीच्या तोंडाशी तिच्या वडिलांचे स्कूटर-दुरुस्तीचे दुकान. तिच्या प्रयोगासाठी निरोगी माणसे हवी आहेत. आठवडाभर जास्त मिठाच्या जेवणाचा डबा, सोबत गोळ्या. मग दंडाची धमनी किती सैलावते याची मोजणी. काही दिवसांनी पुन्हा तेच, गोळ्या दुसऱ्या. एका आठवड्यात क आणि ई जीवनसत्त्व, दुसऱ्यात नुसती पिठाची गोळी. कोणती केव्हा, हे तिलाही ठाऊक नसते म्हणे.
“सर, लोखंडासारखंच आहे. मीठ जास्त झालं की आतून गंज धरतो. ऑक्सिडीकरण तुम्हीच तर शिकवलं.”
असे मी शिकवलेले नाही. धमनी लोखंडाची नसते.
एकट्या माणसाच्या पोटात दोन वेळा अन्न जावे, एवढ्याचसाठी ही युक्ती नसेल ना? शंका आहे. तरी सही केली. कारण तिला सांगितले नाही.
सौ.ही निरोगीच होती. निदान आमची तशी समजूत. रक्तदाब कधी मोजला नव्हता. मार्चमध्ये ओट्यापाशी पडली. मेंदूत रक्तस्राव. तिसऱ्या दिवशी…
मीठ निरोगी माणसाचे काय करते, हे मला कळलेच पाहिजे.
(‘कै. सौ.’ असे लिहिणे शुद्ध. पुढच्या वेळी.)

११ नोव्हें.
डबा वेळेवर येतो. सोबतच्या कागदावर ‘चव’ असा रकाना आहे. लिहिले : मीठ किंचित कमी. जास्त मिठाचा म्हणून साधाच डबा पाठवत असावेत. स्वयंपाकघरातून कोण पाहायला जाते? मग गोळ्यांवर तरी विश्वास का ठेवावा?

१२ नोव्हें.
एक गोळी खलात कुटली, पाण्यात कालवली, वर टिंक्चर आयोडीनचा एकच थेंब. क जीवनसत्त्व असते तर रंग उडाला असता. थेंब पडताच निळे-काळे झाले. पिष्ट! केवळ पिष्ट.
घटकाभर फार समाधान वाटले. नंतर लक्षात आले की, जे मला ठाऊक असता कामा नये, तेच मी शोधून काढले.

१४ नोव्हें.
नसरीनने बोलावून घेतले. तिलाही माझा संशय!
“सर, डबा तुम्हीच खाता ना? बाकीचे ओरडून राह्यले. एक जण म्हणे, मॅडम, सरळ समुद्रच आणून द्या.”
मी खोटे लिहीत नाही, असे सांगितले. तिने टेबलावर सात कप मांडले. चढत्या क्रमाने मिठाचे पाणी. तिला स्वतःला दुसऱ्यात चव कळली. परिचारिकेला तिसऱ्यात. मला सहाव्यात.
“वयानं होते, सर. पण तुमची जीभ बहुतेक पहिल्यापासूनच…”
आयोडीनचेही कबूल केले. तिने कपाळावर हात मारला, मग हसली. “तुमचं प्रॅक्टिकल काही सुटत नाही! हा आठवडा बाद, सर.”

१५ नोव्हें.
सौ. नैवेद्याआधी अन्न चाखत नसे. माहेरची शिस्त. मीठ अंदाजाने घाली, देवापुढे ठेवी, मला वाढी आणि उभी राही. “मीठ बरोबर हाय नं?”
मी म्हणे, ‘किंचित कमी.’ दुसऱ्या दिवशी तेवढे वाढलेले असे.
एकतीस वर्षे. पातेले एकच, दोघांचे.

१९ नोव्हें.
राळेगावहून वत्सलाताई आल्या; सौ.च्या थोरल्या बहीण. कापूस घरभर पडून आहे. “येचून येचून बोटं फाटले, भाऊजी, अन् घेणारा नाक मुरडते.” चार दिवस राहणार.
त्यांना विचारले, तिला मीठ कसे लागत असे?
“काहून विचारता?”
उगीच, म्हणालो.
“फिक्कंच आवडे तिले. माह्या घरी आली का म्हणे, ताई, वरणात मीठ टाकू नको, जीव खारून गेला माहा. आम्ही तं तुमाले खारे मास्तर म्हणत होतो!” हसल्या.
मला कोणीच कसे सांगितले नाही?
“तुमाले सांगाची सोय होती का? तुम्ही जेवत नव्हते, भाऊजी. पेपर तपासत होते.”

२० नोव्हें.
नसरीनला सरळ विचारले : माझ्या मिठाने ती गेली का?
तिने पेनचे टोपण लावले. “एका माणसावरून नाही सांगता येत, सर. दाब मोजलेला नाही. आणि आमची मोजणीसुद्धा अजून व्हायची आहे.”
उत्तर निर्दोष आहे. मीही हेच लिहायला शिकवले असते. म्हणूनच विश्वास बसत नाही.
सोमवारपासून पहिला आठवडा पुन्हा. गोळ्यांची नवी पुडी दिली. “आयोडीनची बाटली आधी इथं जमा करा.” केली.

२२ नोव्हें.
घरचे शेवटचे जेवण, उद्यापासून डबा. वत्सलाताईंनी वरण देवापुढे ठेवले, मग मला वाढले. तशाच उभ्या राहिल्या.
“मीठ बरोबर हाय नं?”
घास तोंडात होता. मला बरोबर वाटत होते. पण ते ‘बरोबर’ कोणाचे?
वाटी त्यांच्याकडे सरकवली. आधी तुम्ही चाखा, म्हणालो.
“मी? तुमचं जेवण व्हाच्या आंधी?”
हो, म्हणालो.
त्यांनी बोट बुडवून जिभेला लावले. माझ्याकडे पाहिले. मग पातेल्यात पेलाभर पाणी ओतले.