दोरीवरचा चिमटा

ओस्मो,

मी त्या पाण्याने भरलेल्या जुन्या खाणीवर चालले आहे. सॅमन माशाचं सूप शेगडीवर आहे, गरम करून घे. मुस्तीला सोबत नेते. रविवारपासून तो कुत्रा तुझ्याजवळ थांबतच नाही.

काल जेवताना तू विचारलंस, "ताई, डायव्हिंगचं पुढचं सर्टिफिकेट कुठलं करू, खोल पाण्याचं की गुहेचं?" मी हसण्यावारी नेलं. पण गुहेचं तर तू या उन्हाळ्यात माझ्याबरोबरच केलंस! पहिल्याच दिवशी आपल्याकडून घोकून घेतलं होतं: पाण्याखालच्या बोगद्यात शिरताना आपल्या नावाचा चिमटा वाट दाखवणाऱ्या दोरीला लावायचा आणि बाहेर पडताना काढून आणायचा. चिमटा दोरीवर, म्हणजे माणूस आत.

रविवारी तू त्या खाणीतून वर आलास, तेव्हा मी काठावर टॉवेल घेऊन उभी होते. तुझे हात बर्फासारखे होते. ते अजून तसेच आहेत.

आज आपल्याबरोबर डायव्हिंग करणारा यालमारी तिथे उतरला होता. त्याचा फोन आला, "अगं रित्वा, तुझ्या भावाचा चिमटा अजून दोरीवरच आहे. वेंधळा कुठला!" तो हसत होता. मला काही हसू आलं नाही.

तू विसरला असशील, असं मी मनाला शंभरदा समजावलं. तरी खाली उतरून बघितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

एक कर. अंगातला तो ओस्मोचा स्वेटर काढून खुर्चीवर ठेव. मी त्याला वर आणेन, तेव्हा त्याला फार थंडी वाजत असेल.

रित्वा