कॅप्स लॉकचं एंटर

३ फेब्रुवारी, सोमवार

परत! परत सगळ्या कीज मूळ जागी! शनिवारी घरी निघाले तेव्हा कॅप्स लॉक दाबलं की एंटर होत होतं. आज पहिलंच चलन घेतलं, कॅप्स दाबलं — अक्षरं मोठी झाली, चलन तिथंच.

कंपनीचे कॉम्प्युटर बघतो तो सिद्धेश म्हणाला, "ताई, ऑडिट आहे. सगळे कीबोर्ड स्टँडर्ड पाहिजेत."

कीबोर्ड स्टँडर्ड! आणि माझा हात? उजवी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट इथल्याच प्रेस मशीनखाली गेलं. मेमध्ये दोन वर्षं होतील. मग मला गाडीतल्या मालाची चलनं टाइप करायला बसवलं. एंटर आणि बॅकस्पेस नेमके उजव्या टोकाला. एका चलनाला तीसेक वेळा एंटर. दर वेळी अख्खा हात उचलून न्या, परत आणा, बोटं जागेवर लावा. संध्याकाळी मनगट ठणकतं.

म्हणून डावीकडे आणलं सगळं. कॅप्सचं एंटर, टॅबच्या वरच्या कीचं बॅकस्पेस. गेट, स्टोअर, डिस्पॅच — तिन्ही टेबलांवर एकसारखं, कारण आम्हा तिघींचं टेबल दर आठवड्याला बदलतं. कुणाच्या बापाचं काय गेलं?

४ फेब्रुवारी, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत तिन्ही कॉम्प्युटरवर पुन्हा बदललं. डबा तसाच घरी आणला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

काल दुसऱ्या शिफ्टला आमच्यातल्या पुनमनं गाडीचा नंबर टाकायला कॅप्स दाबलं आणि पुढचे सगळे आकडे एकेक रकाना सरकले. चाळीस पेट्यांच्या जागी चार! गाडी तळेगावहून परत आली. आज सगळ्यांसमोर म्हणाली, "हिच्या बोटांपायी आम्ही का बोलणी खायची?"

मी पण सोडलं नाही तिला. नको नको ते बोलले. तिची काही चूक नव्हती, हे बसमध्ये बसल्यावर कळलं. तरी राग जाईना. तिघींना मिळून एकच लॉगिन देणाऱ्याला कोण विचारणार?

१० फेब्रुवारी, सोमवार

मॅनेजर दादासाहेबांनी लेखी खुलासा मागितला. बोटांच्या भरपाईसाठी मी लेबर कोर्टात केस टाकली, तेव्हापासून हा माणूस माझ्याशी धड बोलत नाही. मी खुलाशात माफी लिहिलीच नाही. लिहिलं — मला स्वतंत्र लॉगिन द्या. मी बसले की माझ्या कीज, पुनम बसली की तिच्या.

वाटलं, फाडून तोंडावर फेकतील. वाचून हसले! "एवढंच ना मिनल? देऊ की."

दीड वर्ष मी हात उचलून उचलून मेले, आणि म्हणे एवढंच ना!

१३ फेब्रुवारी, गुरुवार

लॉगिन मिळालं. माझ्या नावाचं! सिद्धेशनं स्वतः तिन्ही टेबलांवर लावून दिलं. पुनमला चहा नेऊन दिला. घेतला तिनं. पण तोंड फिरवून प्यायली.

सत्त्याऐंशी चलनं केली आज. मनगट दुखत नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

एकशे चार!! सिद्धेश म्हणाला, "ताई, एवढी तर कुणीच करत नाही." मान ताठ करून घरी आले.

४ मार्च, मंगळवार

कोर्टात तारीख होती. कंपनीच्या वकिलानं एक कागद पुढे केला — माझ्या लॉगिनवर रोज किती चलनं झाली त्याची यादी. खाली दादासाहेबांची सही. "बोटं गेल्यानं बाईंच्या कामात काहीच फरक पडलेला नाही, साहेब. उलट दहाही बोटं असलेल्यांपेक्षा त्या जास्त काम करतात."

न्यायाधीशांनी माझ्याकडे बघितलं. "ही सगळी चलनं तुम्हीच केलीत?"

आमच्या वकीलबाईंनी माझा दंड घट्ट धरला.

"हो," मी म्हटलं. "मीच केली."