राइट फील्डला बॉल येत न्हाय

२ जानेवारी १९८४, बेळगाव

नवे बॉल आले. खेळाच्या सरांनी खोकं फोडलं आणि पहिला बॉल मंगलच्या हातात दिला. माझ्या देखत! दोन वर्षं पहिला बॉल माझ्याकडं येतोय. सवयीनं हात पुढं गेला होता, तो तसाच वेणीकडं वळवला. कुणी बघितलं नसेल.

गिरिजानं बघितलं. गिरिजा आमची कॅचर, टाकलेला बॉल झेलणारी. चिकोडीची, घरात कानडी. तिच्या नजरेतनं काय सुटत नाही.

यंदा माझं शेवटचं वर्ष. बी.ए. झालं की निपाणी, मग कुणाच्या तरी घरात भाकऱ्या थापायच्या. अखिल भारतीय कॉलेज सॉफ्टबॉल स्पर्धा याच महिन्यात, ती पण बेळगावात, कॅम्पातल्या मैदानावर. देशभरच्या टीम येणार. पिचर म्हणून, बॉल टाकायला, उभी राहायची हीच एक वेळ होती. आणि याच वर्षी ही कुठनं उपटली!

४ जाने.

मंगल खानापूरकडच्या खेड्यातली. पहिलं वर्ष. सकाळच्या गाडीनं येते. फेकते मात्र... जाऊ दे, लिहायचं तर खरं लिहावं. बॉल तिच्या मांडीपाशी दिसतो आणि नंतर एकदम गिरिजाच्या ग्लव्हमध्येच दिसतो. हळू टाकायचा असला तरी हात तसाच गरकन फिरतो, बॉल मात्र रमतगमत येतो. बॅटवाली आधीच फिरवून मोकळी.

विचारलं, "कुठं शिकलीस गं?"

"कुठं न्हाय की आक्का. येतंय आपोआप."

आपोआप! मी आत्याच्या परसात भिंतीवर खडूनं चौकोन काढून खांद्याचं भुस्काट करून घेतलं आणि हिला आपोआप येतंय. वर आणि आक्का म्हणते. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

६ जाने.

जागा सांगितल्या. मं. पिचर. मी राइट फील्ड. म्हणजे पहिल्या बेसच्या मागं लांब, जिथं बॉल येतच नाही. उभं राहून घारी बघायच्या. "मंगल दमली तर तू आहेसच की," सर म्हणाले. दमतेय कसली. म्हशीवानी धडधाकट आहे.

हिंडलग्याला आत्याकडं राहते, तिथवर पाय आपटत आले. आत्यानं ताट वाढलं. "तोंड का पाडलंयस? जळतीस व्हय गं कुणावर?"

"कुणावर न्हाय."

"मग आमटीत मीठ न्हाय घातलेलं, ते कसं कळलं न्हाय तुला?"

व्हय, जळते. इथं लिहायला कुणाची भीती?

९ जाने.

सापडलं! मं.ला लांबचं दिसत नाही!

गि. बसल्या जागी मांडीआड बोटं दाखवते. एक बोट, जोरात टाक. दोन बोटं, हळू टाक. मं. सारखी उलटं टाकायची. आज गि. चिडली, "दोन दाखवली की गं, दोन!" मं.नं नुसता बॉल परत मागितला. मागनं नळावर मला गाठून म्हणते कशी, "आक्का, ग्लव्ह दिसतोय, बोटं दिसंनात. कुणाला सांगू नको हं. चष्मा लागला म्हणून घरात कळलं तर कॉलेज बंद करतील. चष्म्याची पोरगी कोण करून घेणार म्हणतील."

"छे गं, मी कशाला सांगू," म्हटलं.

आणि सरळ सरांच्या खोलीत. "सर, काळजी वाटली म्हणून सांगते..." काळजी! सर टेबलावर बोटं वाजवत बसले. मी मनातल्या मनात पिचरच्या जागेवर उभीसुद्धा राहिले.

१० जाने.

घ्या. सरांनी मं.ला काढलं नाही, बोटंच काढून टाकली. आता गि.नं तोंडानं ओरडून सांगायचं. समोरची टीम कानडी असली तर मराठीत, मराठी असली तर कानडीत. उत्तरेकडची असली तर काय वाट्टेल त्यात. "आपण सीमेवरली माणसं, दोन्ही भाषा खिशात. त्याचा कधीतरी फायदा होऊ दे की!" सगळ्या खूश, टाळ्या. कानडीत "बेग" म्हणजे जोरात, "मेल्लगे" म्हणजे हळू.

दिवसभरात मं. एकदा पण चुकली नाही. आधी निम्मी होती, आता पुरी झाली. मीच केली. वर सगळ्या म्हणतात, सुनंदानं वेळेवर सांगितलं म्हणून बरं. मं.नं तर माझा हातच धरला. "बरं केलंस आक्का. माझं तोंड उघडलंच नसतं बघ."

हाताला घाम आलाय म्हणून सोडवून घेतला.

१४ जाने., निपाणी

संक्रांतीला घरी. आप्पा वखारीतनं आले, अंगाला तंबाखूचा वास. आल्या आल्या खोकत विचारलं, "तुमच्या त्या खेळात मेन माणूस कोण असतंय?"

"पिचर. बॉल टाकणारी."

"म्हंजे तू."

"व्हय."

निघून गेलं तोंडातनं. आई शेंगा निवडत होती, तिनं मान पण वर केली नाही. आप्पांनी वखारीत सगळ्यांना सांगून ठेवलंय. बावीसला रविवार, सुट्टी, सकाळची गाडी धरून येणार. आजवर एक मॅच बघायला आले नाहीत. "पोरगी चड्डी घालून पळती" म्हणणाऱ्यांशी चावडीपुढं भांडले, पण आले कधी नाहीत. आत्ताच यायचं होतं!

पिशवीत मं.नं दिलेली तिळगुळाची पुडी निघाली. खाणार नव्हते. खाल्ली. चांगला झालता मेला.

२० जाने.

पहिली मॅच. उत्तरेकडच्या पोरी, ताडमाड, हातात बॅट म्हणजे लाटणं वाटावं. मं.नं एकेकीला घरी पाठवलं. दुसरं काय लिहू? माझ्याकडं एक कुत्रं आलं, बॉल आला नाही.

देवा, एकदा तिचा खांदा दुखू दे. मोडू नको, नुसता दुखू दे.

२१ जाने.

म्हैसूरकडची टीम. गि. मराठीत ओरडली, "हळू" आणि "जोरात". त्या पोरी आपल्या बघतच राहिल्या. जिंकलो. कॉलेजच्या फळ्यावर कुणीतरी रंगीत खडूनं मं.चं नाव लिहिलंय, भोवती फुलं काढलीत. मुली तिला चहा पाजतायत. ती मला हाक मारते, "आक्का, ये की." डोकं दुखतंय म्हटलं. ते मात्र खरं होतं.

उद्या सेमीफायनल. कोल्हापूरकडची टीम. उद्या आप्पा. आप्पांना काय सांगू?

२२ जाने., रविवार

आज सगळं नीट लिहून काढते.

आप्पा इस्त्रीची टोपी घालून आले, आत्याबरोबर चिंचेखाली बसले. मी टीमबरोबर आत गेले, आणि सगळ्या मधल्या जागांवर थांबल्या, मी आपली चालतच राहिले. लांब. मागं वळून बघायचं धाडस झालं नाही.

समोरच्या मराठी पोरी, म्हणून गि. कानडीत. "बेग!" "मेल्लगे!" पहिल्यांदा ठीक चाललं. मग त्यांनी धुवायला सुरुवात केली. मं.च्या हळू बॉलवर कुणी फसेना. थांबून, नेम धरून मारायला लागल्या. मला खरं सांगायचं तर बरं वाटलं. गुदगुल्या झाल्या. बसू दे जरा, म्हटलं.

पण मग ऐकू यायला लागलं. पहिल्या बेसपाशी त्यांची एक राखीव पोरगी उभी होती, आपल्या पोरींना सूचना द्यायला. गि. "मेल्लगे" ओरडली की ही ओरडायची, "दम धर!" गि. "बेग" म्हणाली की ही, "हाण!" दर वेळी. ओरडणं सगळ्यांच्याच कानावर पडत होतं, पण दोन्हीचा मेळ फक्त मला लागला, कारण तिच्या मागं उभं राहून ऐकण्याशिवाय मला दुसरं कामच नव्हतं.

आमची बॅटिंग आली तशी मी पेरूच्या गाड्यापाशी गेले. ती पोरगी तिथंच, गाड्यावरच्या बाईशी फडाफडा कानडी बोलत होती, "वंद चलो नोडि कोड, अव्वा." चांगला बघून दे म्हणून.

"कुठली गं तू?"

"गडहिंग्लजची. आमच्यात घराघरात कानडी असतंय की." आणि हसली!

आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही. हद्द काय आमच्याच बाजूनं असते? आम्हाला मराठी येते तशी पलीकडं कानडी येणारी असणारच की! दोन्ही भाषा खिशात म्हणे.

पळत गेले, सरांना सांगितलं. गि. मधेच म्हणाली, "तिला काढून तुला उभं राहायचंय, एवढंच ना? पहिल्या दिवसापासनं बघतोय आम्ही. सुम्म, गप जा जागेवर."

"अगं, देवाशपथ..."

सर माझ्याकडं बघेनात. "सुनंदा, आत्ता नको. हे आत्ता नको." सगळ्या बुटांच्या नाड्या बांधायला लागल्या. मला रडायलाच आलं. आणि राग माझाच आला, कारण मी त्यांच्या जागी असते तर मी पण विश्वास ठेवला नसता.

मं. उठली. "आक्का खरं बोलतीया." एवढंच. मग सरांकडं, "सर, मला बोटं दिसंनात. आक्काला दिसत्यात. तिला द्या." आणि बॉल माझ्या हातात ठेवला. 

सरांनी आमच्या जागा बदलल्या. ती राइट फील्डला, मी मधे. चिंचेखाली आप्पा उठून उभे राहिले, तेवढं दिसलं.

गि.नं बोटं दाखवली, मी टाकत गेले. मं.सारखं नाही. माझे बॉल मधे दिसतात. पण त्यांना आता आधी काय कळेना, म्हणून चुकायला लागल्या. आमच्या पोरींनी मारून मारून एका रननं पुढं नेलं. शेवटची बॅटवाली, बेसवर त्यांच्या दोघी. गि.ची दोन बोटं. मी हळू टाकला, तिनं उचलून मारला. उंच. राइट फील्डला.

एवढ्या दिवसांत एक बॉल तिकडं गेला नाही. आणि आता तिथं मं., तोंड वर करून, भलतीकडंच बघत उभी! तिला तो दिसणार कसा?

मी ओरडले. मराठीत, बेंबीच्या देठापासनं. "मंगल, पुढं ये! आणि पुढं! डाव्या हाताला! थांब! हात वर कर, वर!"

तिनं हात वर केले आणि बॉल त्यात पडला. तो पडेपर्यंत तिला दिसलाच नसणार. ग्लव्ह छातीशी दाबून तशीच खाली बसली.

जिंकलो. सगळ्या पळत सुटल्या, माझ्या दोन्ही बाजूंनी, माझ्या पुढनं, तिच्याकडं. तिलाच उचलली. टाकलं मी, ओरडले मी, आणि खांद्यावर ती. सर म्हणत होते, मंगल केवढ्या मोठ्या मनाची पोर. मला गि. येऊन म्हणाली, "चुकलं माझं." त्याचं मी काय करू? तिथं उभ्या उभ्या परत तेच जळणं. एवढं झाल्यावर तरी जायला नको होतं का ते?

संध्याकाळी आत्याकडं आप्पा चहा फुंकत बसले. मग म्हणाले, "झाक टाकलंस."

"हं."

"पर ती पयली पोरगी लई भारी टाकत हुती की गं. तिला का काढली?"

आत्या माझ्याकडं बघायला लागली. मी कपबशी विसळायला उठले.

२३ जाने.

फायनल दुपारी. केरळची टीम. त्यांना ना मराठी, ना कानडी. मं.ला गि. मोकळेपणानं ओरडून सांगू शकते.

सकाळी सरांनी दोघींना बोलावलं. मं. आधीच म्हणाली, "आक्का सांगंल तसं." सर माझ्याकडं बघून, "सांग मग. तू काल जिंकून दिलंस, तुझा हक्क आहे." आणि बॉल माझ्याकडं दिला. मं. खाली बघत पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. एकदा भांडायची तरी! माझं आहे म्हणून ओढून घ्यायची! मग मला पण ओढता आलं असतं. "मैदानावर सांगते," म्हटलं आणि घरी आले.

आप्पा रात्री परत गेले नाहीत. वखारीला निरोप धाडलाय. टोपी झटकून दारात उभे आहेत, आत्या कुलूप शोधतेय. बॉल माझ्या पिशवीत आहे. तिचा हात ज्या जागी लागतो तिथं चामडं जरा काळं पडलंय, माझी बोटं सारखी तिकडंच जातात.

आत्ता आप्पांनी विचारलं, "आज कोण टाकणार म्हनलीस?"

"चला तर खरं," म्हटलं. "तिथं बघा."