बिनतारखेचा फ्लेक्स

८ डिसेंबर
कापूस वेचताना मोबाईल सारखा वाजत होता. पाहिलं तर ह्यांचा फोटो! जळगाव जामोदचा फ्लेक्सवाला इरफानभाई, त्याच्या स्टेटसला. 'सोनाळ्याचा वाघ गजूभाऊ यांची कबड्डीतून निवृत्ती. मनःपूर्वक आभार.' तारखेच्या जागी फुल्या. थोड्या वेळाने काढलं त्याने, पण तोवर गावभर झालं होतं.
नवरा माझा, आणि मला कळलं फ्लेक्सवाल्याकडून.
संध्याकाळी विचारलं. "इरफानचं काई खरं नसते." एवढं बोलून फवारणीचा पंप धुवायला गेले.

९ डिसें.
ग्रुपवर नुसता गोंधळ. कोणी म्हणतं पोलिसात लागले (ह्या वयात!). कोणी म्हणतं रोहिणखेडच्या संघाने फोडले. एकाने तर माणूस गेल्यासारखी फोटोखाली फुलं वाहिली, हात जोडले. ते पाहून माहेरून आईचा रडत फोन.
"अवं, जावई बरे हायेत न?"
"हाव. भाकर खाऊन राह्यले."
विहिरीवर शेजारीण म्हणे, "घरच्या बाईलेच माईत नाई, काऊन वं?" सगळ्या हसल्या. जीव जळला.

११ डिसें.
बोंडअळीने अर्धी बोंडं नासवली. किडका कापूस वेचायला मजूर येत नाहीत, आम्ही दोघंच. हे गुडघ्यावर हात टेकून उठतात. मी पाहिलं की झटकन सरळ. गुडघा गेला तर वावर कोण करेल?
दिवाळीपासून मीच डोकं खातेय, आता बस करा म्हणून. मग आनंद व्हायला हवा होता ना? नाही झाला. हा माणूस घरात बोलत नाही. मैदानात उतरला की बोलतो, अंगाने. मी तिथेच ओळखलं ह्यांना. ते बंद झालं तर...

१२ डिसें.
काखेत कळसा अन् गावाला वळसा. पण कळसा तोंड उघडेल तर ना! बाजाराचं निमित्त करून जळगावला, थेट इरफानभाईचं दुकान.
"भाभी, गलती झाली माह्याकून. नमुना म्हणून टाकला होता."
कधी बनवला?
"मागच्या सालचा हाय. हर सामन्याच्या आधी गजूभाऊ म्हणते, तयार ठेव, तारीख सांगतो. अन् सामन्याच्या दिवशी सकाळी फोन. छापू नको बे."
एसटीत दोन म्हातारे ह्याच गोष्टीवरून भांडत होते. एक म्हणे गजू थांबते, दुसरा म्हणे थांबूच शकत नाई. मी खिडकीबाहेर पाहत बसले.

१३ डिसें.
रात्री तेल गरम करून ह्यांचा गुडघा चोळून दिला. डोळे मिटून पडले होते, जागे होते.

१४ डिसें., सकाळ
आज जळगावला फायनल. जर्सी वाळली. ह्यांना म्हटलं, काल चोळलेला गुडघा कसा आहे. "हाय तिथंच हाय."
इतक्यात इरफानभाईचा फोन. "छापू का नको?" ह्यांच्या तोंडून दरवेळचं 'नको' काही निघेना. मग फोन माझ्या हातात दिला.
"मले नाई होऊन राह्यलं. तूच सांग."
इतके दिवस ओठांवर असलेलं 'बस करा' गिळलं गेलं. म्हटलं, थांबा जरा, मी फोन करते. हे अंगणात बसून गुडघ्याला पट्टी बांधताहेत, माझ्याकडे पाहत नाहीत. मी आत येऊन हे लिहीत बसले आहे.
पुन्हा इरफानभाईचा फोन वाजतोय.